पाय ठेवलेली माणसं

प्रश्न मीच विचारला होता. "तुम्ही तिथे असतात, तर पाय ठेवला असतात का?" तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण मी पुढे म्हटलं, "एकेकाने सांगू या. डावीकडून सुरुवात करू." वाचनगट चालवणाऱ्या माणसाला ही सवय लागते. सगळ्यांनी बोलावं, कुणी मागे राहू नये, म्हणून फेरी लावायची. आमच्या गटाला सहा वर्षं झाली होती आणि या फेरीने तोवर कुणाला दुखावलेलं मला आठवत नव्हतं.

त्या दिवशी आम्ही नऊजण होतो. फेरी सातव्या खुर्चीपर्यंत आली आणि मावशी म्हणाल्या, "मी ठेवलाय."

शेजारच्या मुलीला वाटलं, त्यांनी प्रश्न नीट ऐकला नाही. "नाही मावशी, ठेवला असता का, असं विचारतायत."

"ऐकलं मी. ठेवलाय म्हणतेय."

पुस्तक होतं शुसाकु एंडो यांची 'सायलेन्स'. १९६६ साली जपानीत 'चिन्मोकु' या नावाने आलेली ही कादंबरी आम्ही विल्यम जॉन्स्टन यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचत होतो. काळ सतराव्या शतकातला. जपानात १६१४ पासून देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी. धर्मगुरूंना हुडकून काढायचं आणि जमलं तर मारायच्या आधी मोडायचं, कारण मारलेल्या माणसाचा हुतात्मा होतो आणि त्याच्यामागे आणखी दहाजण उभे राहतात. संशयितांची परीक्षा अगदी साधी होती. ख्रिस्ताची किंवा मेरीची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि तिच्यावर पाय ठेवायला सांगायचं. अशा प्रतिमेला 'फुमी-ए' म्हणत.

रॉड्रिग्ज नावाचा तरुण पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरू आपल्या गुरूच्या शोधात चोरून जपानात उतरतो. गुरूने, म्हणजे फरेराने, छळापुढे वाकून धर्म सोडल्याची बातमी आलेली असते आणि शिष्याला ती खरी वाटत नसते. पुढे तोही पकडला जातो आणि एका रात्री ती प्रतिमा त्याच्या पायाशी येते. त्याने नकार दिला तर त्याला स्वतःला काहीच होणार नसतं. बाहेर खड्ड्यांत उलटी टांगलेली शेतकरी माणसं मात्र तशीच टांगलेली राहणार असतात. त्यांनी स्वतः धर्म कधीच सोडलेला असतो. आता त्यांची सुटका याच्या पायावर अवलंबून असते. तो पाय ठेवतो. हे आधी कळल्याने कादंबरीचं काही बिघडत नाही, कारण ती तिथे संपत नाही.

मावशींच्या आधी सहाजण बोलून झाले होते. दोघं म्हणाले, ठेवला असता, त्यात काय, धातूचा पत्रा तो. एकजण म्हणाली, माणसाचा जीव वाचत असेल तर देवाला राग कसा येईल. गटातले सर, ज्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, ते ठामपणे म्हणाले, "मी नसता ठेवला. मग माणूस उरतो कशाचा?" सगळी उत्तरं प्रामाणिक होती आणि सगळी त्या खोलीत, खुर्चीत बसून दिलेली होती. मला तेव्हा ही चर्चा छान रंगतेय असंच वाटत होतं.

मावशींनी पुस्तक उघडलं. खूण मी समजत होते त्या पानावर, पाय ठेवण्याच्या पानावर नव्हती. थोडी अलीकडे होती. रॉड्रिग्जला अंधाऱ्या कोठडीत ठेवलंय. बाहेरून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येतोय. पहारेकरी दारू पिऊन पडला असेल असं त्याला वाटतं. आपण मरणाच्या दारात आणि हा मेला खुशाल घोरतोय, या विचाराने त्याला आधी हसू येतं, मग संताप होतो. तो भिंत बडवतो. आणि मग फरेरा येऊन सांगतो, ते घोरणं नाही. खड्ड्यात उलटी टांगलेली माणसं कण्हतायत. लगेच मरू नयेत म्हणून त्यांच्या कानामागे छोटी चीर दिलीय, तिथून रक्त थेंबथेंब गळतंय.

"हे वाचलं आणि मी पुस्तक आठ दिवस मिटून ठेवलं," मावशी म्हणाल्या.

पुढचं मी त्यांना विचारूनच लिहितेय. त्यांची आई शेवटच्या आजारात होती. रात्रीची सोबत मावशी करायच्या. दोन रात्री आईच्या घशातून खरखर येत होती आणि मावशींना वाटलं, चला, कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. त्या स्वतःही खुर्चीत निवांत झोपल्या. "मला बरं वाटलं होतं हो त्या आवाजाने," हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. तिसऱ्या रात्री नर्सने हळूच सांगितलं, ही झोप नाही, घशातलं पाणी गिळायची ताकद राहिलेली नाही. सकाळी डॉक्टरांनी विचारलं, यंत्रावर घ्यायचं का? मावशी ज्या विश्वासात वाढल्या, त्यात श्वास देणाऱ्यानेच तो परत घ्यायचा, माणसाने मध्ये हात घालायचा नाही. हेच त्यांनी दुसऱ्यांच्या घरी, दुसऱ्यांच्या आजारपणात, हात हातात घेऊन कितीजणांना सांगितलं होतं. त्या सकाळी त्यांनी सही केली. यंत्र नको. दुखू देऊ नका, एवढंच बघा. दुपारनंतर आई गेली.

"रागावले नाही मी देवावर. लोकांना तसं वाटायचं. अकरा वर्षं मी हात जोडले नाहीत, ते रागाने नाही. मला वाटायचं, आता माझा हक्क नाही."

खोलीत कुणी बोलेना, आणि ती शांतता आम्हाला सहन झाली नाही. मला तर मुळीच नाही. मग आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. तुम्ही योग्यच केलंत मावशी. कुणीही हेच केलं असतं. आई सुटल्या त्यातून. आणि मी, हे आठवलं की अजून पोटात कालवतं, मी म्हटलं, "अहो, ती नुसती एक सही होती."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुस्तकाची चार पानं उलटली. रॉड्रिग्जला पाय ठेवायला सांगणारे अधिकारी त्याला काय म्हणतात ते तिथे आहे. हा फक्त उपचार आहे. मनापासून तुडव असं कोण म्हणतंय? वरवर ठेव, नुसता उपचार म्हणून. मराठीत हा शब्द दुधारी आहे. डॉक्टर करतात तोही उपचार आणि वरवरचं पाळायचं तोही उपचारच. छळ करणारे ज्या मऊ आवाजात बोलतात, त्याच आवाजात मी मावशींचं सांत्वन करत होते. शब्दही तोच. नुसता.

सरांनी त्यांच्या परीने वेगळी वाट धरली. ते म्हणाले, काळ बघा. फरेराने खड्ड्यात पाच तास काढून धर्म सोडला तो १६३३ साली. त्याच्या अगोदर दोन-तीन वर्षं आपल्याकडे मोठा दुष्काळ पडला होता, त्यात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करीत गेली, मूल गेलं, व्यापार बुडाला. त्यांनी ते स्वतः अभंगात सांगितलंय. आणि तरी तो माणूस विठ्ठलाशी भांडत राहिला, पार तोंडावर भांडला. श्रद्धेत भांडायलाही जागा असते मावशी, तुम्ही भांडायचं होतंत.

हे ऐकताना मला वाटलं, आता बरोबर जागी हात पडला. पण मावशी मान हलवत म्हणाल्या, "सर, तुकोबांचं नेलं होतं. त्यांचं देणं निघत होतं देवाकडे. भांडायलासुद्धा हक्क लागतो ना? मी तर सही करून आले होते."

त्या एका वाक्याने मला कळलं ते आधी कुठल्याच पुस्तकातून कळलं नव्हतं. ज्याच्यावर आभाळ कोसळलं त्याचा प्रश्न 'का?' असा असतो. आपल्याच हातून जे पवित्र मानलं ते मोडलं, त्याला 'का' विचारायचीही सोय नसते. दोन्ही जखमाच, पण एका जखमेला तक्रार करता येते आणि दुसरीला येत नाही.

आमच्यात एक समुपदेशक ताई आहेत. त्या सहसा आपल्या कामाचं गटात काही बोलत नाहीत, त्या दिवशी मात्र बोलल्या. ट्रॉमा हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थच जखम. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकात आघातानंतरच्या विकाराला स्वतंत्र नाव मिळालं, आणि बरीच वर्षं त्याकडे मुख्यतः भीतीच्या अंगाने बघितलं गेलं. जिवावर बेतलं, ते डोळ्यांसमोरून जात नाही, शरीर सतत सावध राहतं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे यांनी १९९०च्या दशकात आणखी एक गोष्ट पुढे आणली. या माणसांना भीतीपेक्षा खोल काही लागलंय. जे बरोबर मानत आलो त्याचाच घात झाला, वरच्यांनी केला किंवा, नंतरच्या अभ्यासकांनी जोडलं तसं, आपल्या हातून झाला. तिला नैतिक जखम म्हणतात. "आणि तिला 'तुमची चूक नव्हती' हे औषध लागू पडेलच असं नाही," ताई म्हणाल्या. "कारण त्या माणसाला चूक झाली नाही हे कदाचित माहीतच असतं. तरी दुखतं."

मग त्यांनी मला, सगळ्यांसमोर पण प्रेमाने, विचारलं, "फेरी लावायची गरज होती का?"

नव्हती. जुडिथ हर्मन यांनी १९९२ साली आघातातून सावरण्याचे टप्पे मांडले, त्यात पहिला टप्पा सुरक्षिततेचा आहे. आठवणं, शोक करणं, पुन्हा माणसांत येणं हे त्यानंतर. मी ते पुस्तक वाचलेलं होतं. परिच्छेद अधोरेखित केलेले होते. आणि तरी मी नऊ माणसांना गोल बसवून एका छळाच्या प्रसंगावर रांगेत उत्तरं मागितली. आता आमच्याकडे फेरी नाही. बोलायचं नसेल तर कारण द्यावं लागत नाही. कठीण पानं कुठली ते पुस्तक निवडतानाच सांगतो. आणि कुणी स्वतःचं काही सांगितलं तर पहिला शब्द घाईने काढायचा नाही. यातला शेवटचा नियम पाळायला मला अजूनही जड जातो.

घरी आल्यावर मी कादंबरीपेक्षा तिच्या भोवतीचंच जास्त वाचत बसले. एंडो यांनी नागासाकीत एक जुनी फुमी-ए पाहिली होती. प्रतिमेच्या लाकडी चौकटीवर काळपट डाग होते. पायांच्या अंगठ्यांचे ठसे. एकाच्या नव्हे, वर्षानुवर्षं पाय ठेवत गेलेल्या कितीतरी माणसांच्या अंगठ्यांनी पडलेले. ज्यांनी नकार दिला आणि मेले, त्यांची नावं चर्चने जपली. हे ठसे कुणाचे ते कुणालाच माहीत नाही. कादंबरीचं बी तिथलं. आजारपणात कित्येक महिने इस्पितळात काढलेला, लहानपणी आईमुळे बाप्तिस्मा झालेला आणि तो धर्म मापाचा नसलेल्या कपड्यासारखा अंगावर वागवणारा हा लेखक त्या अंगठ्यांपाशी थांबला, याचं मला नवल वाटत नाही.

आणि मग मला जे सापडलं ते मी त्याच रात्री मावशींना पाठवलं, उशीर झाला होता तरी. नागासाकीच्या भागात पाय ठेवण्याची ही सक्ती दरवर्षी व्हायची आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. दरवर्षी लोक जायचे, रांगेत उभे राहायचे, पाय ठेवायचे, घरी यायचे. घरी आल्यावर त्यांतली काही माणसं दार लावून एक प्रार्थना म्हणायची. 'कोन्चिरिसान' हे तिचं नाव, पश्चात्तापासाठीच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेलं. १६०३ सालच्या एका पुस्तिकेतून ती हातोहात उतरत आली होती. धर्मगुरू नसेल तिथे मनापासून केलेल्या पश्चात्तापानेही क्षमा मिळते, असं त्या पुस्तिकेत सांगितलेलं होतं. आणि देशात धर्मगुरू तर एकही उरला नव्हता. सात-आठ पिढ्या हे चाललं. १८६५ साली नागासाकीच्या ओउरा इथल्या नव्या चर्चमध्ये काही गावकरी आले, फ्रेंच धर्मगुरूच्या जवळ जाऊन एका बाईने हळू आवाजात सांगितलं की आमचंही मन तुमच्यासारखंच आहे, आणि विचारलं, मेरीची मूर्ती कुठे आहे? अडीचशे वर्षं हा विश्वास टिकवणारी माणसं पाय ठेवणाऱ्यांची लेकरं होती. न ठेवणाऱ्यांची लेकरं मागे उरणार कुठून?

मावशींचं उत्तर सकाळी आलं. "दरवर्षी?" एवढंच.

पुढच्या भेटीत आम्ही तीच कादंबरी पुन्हा घेतली. हे आम्ही कधी करत नाही. या वेळी बोलणं आपसूक किचिजिरोवर, कादंबरीतल्या एका जपानी ख्रिस्ती माणसावर गेलं. पहिल्या भेटीत त्याला सगळ्यांनी झोडपलं होतं. तो आहेच तसा. घाणेरडा, पिऊन पडणारा, प्रत्येक वेळी पाय ठेवून सुटणारा. घरच्यांनी नकार दिला, त्यांना जाळलं, हा वाचला. रॉड्रिग्जला तोच पकडून देतो. आणि तरी पुन्हा पुन्हा मागे येतो, लाथाडला तरी येतो, आणि म्हणतो, माझा कबुलीजबाब ऐका. मी दुबळा जन्मलो त्याला मी काय करू? धर्मावर बंदी नसलेल्या काळात जन्मलो असतो तर मीही चांगला ख्रिस्ती म्हणून जगलो असतो. पहिल्या वेळी सरांनी त्याला किडा म्हटलं होतं. आता ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शेवटपर्यंत क्षमा मागत राहणारा या पुस्तकात तो एकटाच आहे." त्यांनी आपलं आधीचं मत मागे घेतलं नाही, घ्यावं अशी अपेक्षाही नव्हती. "मी नसता ठेवला" हे ते आजही म्हणतात. फक्त आता ते वाक्य म्हणताना मावशींकडे बघतात.

मग ती वादाची जागा आली. पाय ठेवायच्या क्षणी रॉड्रिग्जला प्रतिमेतल्या ख्रिस्ताचा आवाज ऐकू येतो. इंग्रजीत तो आवाज म्हणतो, तुडव! आज्ञाच. पण मूळ जपानीत शब्द आहेत 'फुमु गा इइ', आणि जाणकार सांगतात की त्यात आज्ञेचा कडकपणा नाही, मुभा आहे. हे मराठीत कसं म्हणायचं यावर आमचा अर्धा तास गेला आणि तो अर्धा तास मला फार प्रिय आहे. 'तुडव' तर नाहीच. 'पाय ठेव' कोरडं वाटलं. 'ठेवलास तरी चालेल' यात उपकार केल्यासारखा सूर आला. समुपदेशक ताई म्हणाल्या, "ठेव ना." कुणीतरी म्हटलं, "ठेव रे, बाळा." शेवटी गटातला सगळ्यात लहान मुलगा, जो पहिल्या भेटीत 'धातूचा पत्रा' म्हणाला होता, तो हळूच म्हणाला, "ठेव. मला कळतंय." जपानीत नसलेले शब्द त्यात आलेत हे सगळ्यांना कळत होतं. तरी कुणी दुरुस्त केलं नाही.

"मला असा आवाज आला नाही," मावशी म्हणाल्या. "त्याला आला. मला त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. ते तेवढं मला पटत नाही पुस्तकातलं."

मला त्यांचं हे म्हणणं महत्त्वाचं वाटतं. तो आवाज देवाचा की थकलेल्या मनाने स्वतःलाच दिलेली परवानगी, यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मला त्यात पडायचं नाही. पण ज्यांना आवाज आला नाही त्यांचं काय, हा प्रश्न एंडो यांनी अगदीच सोडून दिलाय असंही नाही. त्याचं उत्तर त्यांनी अशा जागी ठेवलंय, जिथे बहुतेक वाचक पोचतच नाहीत.

कादंबरीच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. पकडलेल्या ख्रिस्ती लोकांना ठेवत त्या वाड्यावरच्या एका अधिकाऱ्याच्या नोंदी. भाषा दप्तरातली, रुक्ष. अमुक तारखेला अमुक आला, तमुक आजारी, पहारा बदलला. आमच्यातल्या सातजणांनी ते वाचलंच नव्हतं. मीही पहिल्यांदा नुसती पानं चाळली होती. रॉड्रिग्जचं तिथे जपानी नाव झालंय, ओकादा सान्एमोन. त्याला बायको दिलीय. धर्म सोडल्याचं पुन्हा लिहून दे म्हणून बसवलंय. एकदा लिहून दिलं होतं ना? मग पुन्हा का? अधिकारी ते सांगत नाही. आणि किचिजिरो त्याच्याच घरात नोकर म्हणून राहतोय.

त्या दिवशी ते आम्ही मोठ्याने वाचायचं ठरवलं. मी कुणाला सांगणार नव्हते, पण मावशींनी स्वतःच चष्मा लावला आणि पुस्तक पुढे ओढलं. त्या वाचत होत्या तशी एकेक ओळ मराठीत सांगत होत्या, सावकाश, वाणसामानाची यादी वाचावी तशा सुरात. तारखा, नावं, पहारे. मग किचिजिरोची झडती. त्याच्या गळ्यातल्या ताइताच्या पिशवीत एक ख्रिस्ती चित्र सापडलं. कुठून आणलं विचारलं. कुणीतरी विसरून गेलं होतं, ते मी उचललं, म्हणाला. ओकादाने दिलं का विचारलं. नाही, म्हणाला.

मावशी थांबल्या. बोट त्याच ओळीवर होतं.

"एवढं सगळं झाल्यावर," त्या म्हणाल्या, "गळ्यातच होतं त्याच्या." आणि मग आमच्याकडे बघून, "परत वाचू का हे?"

कुणी उत्तर दिलं नाही. त्यांनी पान एकदा मागे उलटलं आणि झडतीच्या नोंदीपासून पुन्हा सुरुवात केली.